शिष्टाचाराचे मौन : जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतील अपात्र वर

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतील अपात्र वरांची चर्चा बहुधा नायिकेच्या विवेकाच्या अंगाने केली जाते. देखणा, संभाषणचतुर तरुण येतो, नायिका भुलते आणि त्याचा पूर्वेतिहास कळताच भानावर येते, अशी ती मांडणी असते. परंतु हा पूर्वेतिहास आधीपासून कोणाकोणाला ठाऊक होता, असा प्रश्न विचारताच कथानकाचे निराळे रूप समोर येते.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) मध्ये विलोबीने एलायझा या तरुणीला फसवून टाकून दिल्याचे कर्नल ब्रँडनला ठाऊक असते. त्यावरून तो विलोबीशी द्वंद्वयुद्धही करतो. मात्र मेरिअनच्या बहिणीला ही हकीकत सांगतो, ती विलोबीचा विवाह धनाढ्य मिस ग्रेशी ठरल्यानंतर. ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ (१८१३) मध्ये पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला तिच्या तीस हजार पौंडांच्या लोभाने पळवून नेण्याचा विकमचा बेत असतो. बहिणीची अब्रू आणि स्वतःचा कुलाभिमान यांपायी डार्सी गप्प राहतो. त्याच्या पत्रातून सत्य कळल्यावर एलिझाबेथ आणि जेन याही ते गावापासून लपवतात. पुढे त्यांचीच बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘पर्स्वेजन’मध्ये बाथ येथील निर्धन विधवा मिसेस स्मिथ विल्यम एलियटचा कृतघ्नपणा जाणून असते. तरीही अॅन त्याच्याशी विवाह करणार या समजुतीने आरंभी ती त्याची भलामणच करते. वेस्ट इंडीजमधील मालमत्ता सोडवण्यासाठी तिला अॅनची मध्यस्थी हवी असते.

तिन्ही कादंबऱ्यांत गुपित टिकते ते केवळ खलपुरुषाच्या कपटामुळे नव्हे, तर सज्जनांच्या मौनामुळे. या मौनाला निव्वळ भीरुता म्हणता येत नाही. ज्या समाजात वाच्यता झाल्यास पुरुषाहून फसवल्या गेलेल्या स्त्रीचीच अधिक हानी होते, तेथे बोलणेही निर्दोष राहत नाही. मात्र एका स्त्रीची अब्रू झाकताना दुसरी निराधार होते. एलायझाला मुलासह खेड्यात दडून राहावे लागते. लिडियाचा विवाह डार्सीला विकमचे कर्ज फेडून घडवून आणावा लागतो.

प्रतिष्ठित समाजातील प्रणयकथांच्या तौलनिक अभ्यासात म्हणूनच नायिका कशी फसली, याआधी कोण जाणून होते आणि कोणत्या मर्यादेपोटी बोलले नाही, हे तपासणे अगत्याचे ठरते.