पक्ष किती, यापेक्षा पक्ष कसे?

विविध देशांतील राज्यपद्धतींचा तौलनिक विचार करणाऱ्या वाङ्मयात मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाच्या ‘राजकीय पक्ष’ या १९५१ सालच्या ग्रंथाचे स्थान मानाचे आहे. एकपक्षीय, द्विपक्षीय आणि बहुपक्षीय ही विभागणी आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती इतकी रूढ होण्यास हा ग्रंथ बराचसा कारणीभूत आहे. सात दशकांहून अधिक काळ लोटल्यावर या विभागणीने आपल्याला काय दाखवले आणि काय झाकून ठेवले, याचा येथे थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिला पक्षांच्या अंतर्गत रचनेविषयी, दुसरा पक्षपद्धतींविषयी. कीर्ती लाभली ती दुसऱ्या भागातील एका सिद्धांताला. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येत असेल, तर देशाचा कल द्विपक्षपद्धतीकडे असतो. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने मात्र अनेक पक्षांना वाव मिळतो, असे द्युव्हर्जे सांगतात. कारणमीमांसाही पटण्यासारखी आहे. तिसऱ्या पक्षाला मतांच्या मानाने जागा फारच कमी मिळतात. हे ध्यानात आल्यावर मतदारही आपले मत वाया जाऊ नये म्हणून पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतो.

या पद्धतीत मते आणि जागा यांची फारकत कशी होते, हे ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दिसले. १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा अधिक मते मिळाली. जागा मात्र हुजूर पक्षाला ३२१ आणि मजूर पक्षाला २९५. आपल्याकडे २०१४ साली भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा मिळाल्या. निवडणुकीचा नियम हा केवळ कारकुनी तपशील नसून सत्तेची वाटणी करणारे यंत्र आहे, हे ठसवण्याचे श्रेय द्युव्हर्जे यांना दिलेच पाहिजे.

परंतु सिद्धांत भारतास लावू गेल्यास पहिली अडचण उभी राहते. आपला नियम १९५२ पासून बदललेला नाही. त्याच नियमाखाली प्रथम एका पक्षाचे दीर्घ वर्चस्व झाले, पुढे १९८९ ते २००९ या सात सार्वत्रिक निवडणुकांत कोणत्याही एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही. मतदारसंघात लढत दुरंगी असली, तरी तामिळनाडूतील दोन पक्ष आणि पंजाबातील दोन पक्ष एकच नसतात.

आमच्या गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि युनायटेड गोवन्स पक्ष असे दोन तट पडले. ते केवळ मतमोजणीच्या नियमाने पडले नव्हते. विलीनीकरणाच्या प्रश्नाने समाजच दुभंगला होता. १९६७ च्या जनमत कौलाने तो प्रश्न निकालात निघाला आणि कालांतराने ती मांडणीही विरली. नियम तोच राहिला. समाजातील भेदांचा प्रभाव द्युव्हर्जे यांनी नाकारलेला नाही हे खरे. परंतु त्यांच्या अनुयायांनी सिद्धांत तेवढा उचलला, सावधगिरी मागे ठेवली.

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. पक्षांची संख्या कळली म्हणजे मतदाराचे सामर्थ्य कळत नाही. बहुपक्षीय इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर मंत्रिमंडळे जेमतेम वर्षभर टिकत. म्हणून ती राजवट अस्थिर म्हणावी, तर ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष चार दशकांहून अधिक काळ प्रत्येक मंत्रिमंडळात होताच. माणसे बदलत, सत्ता बदलत नसे. मतदाराच्या हाती सरकार पाडणेही नव्हते आणि घडवणेही नव्हते.

पश्चिम जर्मनीही बहुपक्षीयच. तेथील १९४९ च्या राज्यघटनेने असा दंडक घातला, की नवा चॅन्सेलर निवडल्यावाचून जुन्यास अविश्वासाने काढता येणार नाही. १९७२ साली हा प्रयोग दोन मतांनी फसला. १९८२ साली फ्री डेमोक्रॅट पक्षातील बहुतेकांनी बाजू बदलली, श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. हेही एक प्रकारे पक्षांतरच नव्हे काय, असे कोणी विचारील. भेद पुढे आहे. अवघ्या पाच महिन्यांत, मार्च १९८३ मध्ये, सारे मतदारांपुढे गेले. कोल यांना कौल मिळाला; बाजू बदलणाऱ्या फ्री डेमोक्रॅट पक्षाची मते मात्र १०.६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. पक्षाने पक्ष म्हणून निर्णय घेतला आणि पक्ष म्हणून त्याचे मोल चुकते केले.

आता गोव्याकडे पाहावे. १९९० ते २००० या काळात येथे मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी दहाहून अधिक वेळा झाला. २०१७ च्या निवडणुकीत सतरा जागा मिळवणाऱ्या काँग्रेसच्या उरलेल्या पंधरा आमदारांपैकी दहा जण २०१९ साली भारतीय जनता पक्षात गेले; २०२२ साली अकरांपैकी आठ गेले. दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केल्यास पक्षांतरबंदी कायद्याची बाधा होत नाही. म्हणजे एकट्याने जाणे हा दोष, घोळक्याने जाणे ही सोय! दोन्ही वेळा तत्काळ मतदारांपुढे जाण्याचे बंधन कोणावरही नव्हते. अशा सभागृहाला द्विपक्षीय म्हणावे की बहुपक्षीय, हा वादच मग पोकळ ठरतो. निवडणुकीच्या दिवशी मोजलेले पक्ष दोन वर्षांनी तेच राहिलेले नसतात.

येथेच द्युव्हर्जे यांच्या ग्रंथाचा दुर्लक्षित पहिला भाग उपयोगी पडतो. स्थानिक वजनदार मंडळींनी निवडणुकीपुरता बांधलेला पक्ष आणि वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या शाखांवर उभा असलेला पक्ष, असा भेद त्यांनी केला आहे. सुमारे तीस हजार मतदारांच्या मतदारसंघात ज्याची मते स्वतःच्या गोतावळ्याची असतात, त्याला पक्षाचे चिन्ह हे भाड्याचे घर वाटल्यास नवल नाही. शासकीय सेवेत आम्ही पाहिले, की सरकार बदलल्याने प्रशासन कोलमडत नाही. धोरण कोणाचे आणि त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हे कळेनासे झाले म्हणजे ते खिळखिळे होते.

सारांश, हा ग्रंथ आजही वाचनीय आहे. तो उलट क्रमाने वाचावा, एवढेच आमचे म्हणणे. आधी पक्षाची घडण पाहावी, मग संख्या मोजावी. ब्रिटिश नमुना थोर की जर्मन, या चर्चेत आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मतदाराने ज्या नावाला मत दिले, ते नाव पाच वर्षे तेच राहील काय, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून उभारलेली कोणतीही तुलना कच्च्या पायावरची इमारत ठरेल.