'करा', 'करावे' आणि 'करव' : संगणकाच्या पडद्यावरील शिष्टाचार

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर हा सहसा समीक्षेचा विषय मानला जात नाही. तथापि संबोधन, आदर आणि दोषारोप यांची भाषिक मांडणी तेथे विशेष स्पष्टपणे दिसते. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने भिलाई हे नगर येथे उपयुक्त ठरते. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे येथे अनेक प्रांतांतील कुटुंबे आली. त्यांत मराठी भाषकही होते. त्यांची व्यवहारभाषा मात्र हिंदी झाली. 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि त्याच सुमारास रविशंकर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने केडीई या मुक्त प्रणालीचे छत्तीसगढी रूपही साकारले.

अशा वाचकासमोर तीन भाषांचे तीन शिष्टाचार येतात. हिंदीतील 'सहेजें' हे रूप आज्ञेची धार कमी करते. छत्तीसगढीतील 'करव'मध्ये आदराबरोबर बोलीचा घरोबा आहे. मराठीत शासकीय पत्रव्यवहारातील 'करावे' उपलब्ध होते. परंतु त्यात वरिष्ठाचा आदेश ऐकू येतो. म्हणून 'जतन करा' रूढ झाले. येथे एक संदिग्धता उरते. बटणावर माणूस यंत्राला सांगत असतो, संदेशात यंत्र माणसाला. तरी दोन्हीकडे 'करा' हेच रूप. 'कर' आणि 'करा' असा भेद पाळणारी मराठी बटणावरही यंत्रालाच वक्ता ठरवते.

व्यावसायिक गांभीर्य संस्कृतप्रचुर शब्दांतून येते, हा समज जुना आहे. भाषा संचालनालयाच्या 1962 च्या पदनाम कोशाची झालेली थट्टा त्याची मर्यादा दाखवते. दुसऱ्या टोकाला इंग्रजीतील 'उप्स'साठी 'अरेरे' योजण्याचा मोह असतो. पण 'उप्स' ही स्वतःच्या चुकीची कबुली, तर 'अरेरे' ही बहुधा दुसऱ्याच्या हानीविषयीची हळहळ. यंत्राची चूक त्यामुळे वाचकाच्या दुर्दैवात जमा होते.

'तुम्ही चुकीचा पासवर्ड दिला' आणि 'पासवर्ड जुळला नाही' या वाक्यांतील अंतर शब्दसंग्रहाचे नाही, कर्त्याचे आहे. पैसे पाठवताना व्यवहार अडला, तर 'क्षमस्व' एवढ्याने भागत नाही. 'व्यवहार पूर्ण झाला नाही. खात्यातून रक्कम वजा झालेली नाही' हे वाक्य, ते खरे असेल तेव्हा, कोणताही अलंकार न वापरता सौजन्य साधते. पडद्यावरील मराठीची कसोटी अशा वाक्यांत आहे: कोण बोलतो, दोष कोणाकडे जातो आणि वाचकाला पुढे काय करता येते, हे तिने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.