खटल्याच्या नावातून गळलेली माणसे

कोणत्याही ग्रंथाचे परीक्षण करताना समीक्षक त्याच्या शीर्षकापाशी फारसा थांबत नाही. शीर्षक म्हणजे दार. ते ओलांडून आत जायचे, अशी रीत आहे. परंतु समाजाच्या स्मरणात राहिलेल्या काही भीषण घटनांच्या बाबतीत बहुसंख्य माणसे दारातूनच परत फिरतात. त्यांना घटनेचे नाव तेवढे ठाऊक असते आणि त्या नावातून जे सुचेल तेच त्यांचे मत होते. ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ हे असे एक नाव आहे. त्या नावाभोवती आत्मकथन लिहिले गेले, चित्रपट निघाले, घरोघरी आठवणी सांगितल्या गेल्या. शिकत्या मुलांच्या हातून घडलेल्या हिंसेकडे मराठी माणसाने कसे पाहिले, हे या नावातून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून कळेल. म्हणून प्रस्तुत लेखात आधी त्या नावाचे आणि मग त्याभोवती उभ्या राहिलेल्या कलाकृतींचे परीक्षण करावयाचे आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेल्या राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या तरुणांच्या टोळीने जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसांचे प्राण घेतले. पहिला बळी प्रकाश हेगडे. तो त्यांच्याच महाविद्यालयातला, एका हॉटेलमालकाचा मुलगा. ओळखीच्या मुलांबरोबर म्हणून तो निःशंकपणे गेला. त्याच्याच हस्ताक्षरात घरी पाठवायची चिठ्ठी लिहवून घेण्यात आली, आणि त्याचा मृतदेह लोखंडी पिंपात घालून तळ्यात बुडवण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस विजयनगर कॉलनीतील जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे विख्यात पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरी कामाला असलेल्या सकूबाई वाघ यांची हत्या झाली. शेवटचा बळी अनिल गोखले. तो महाविद्यालयातील एका मित्राचा भाऊ. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा सुनावली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली.

आता हा घटनाक्रम आणि ते नाव शेजारी ठेवून पाहावे. हिंसेचा आरंभ महाविद्यालयातल्या ओळखीतून झाला आणि शेवटही त्याच ओळखीच्या परिघात झाला. नावात मात्र मधली दोन घरे तेवढी उरली. प्रकाश हेगडे आणि अनिल गोखले नावाबाहेर राहिले. सकूबाई वाघ नावाच्या आत आहेत, परंतु दुसऱ्यांच्या आडनावाखाली. हे कोणी दुष्टपणाने केले असे नव्हे. बंगल्यात, कुटुंबासह, आपल्या घरात बसलेली माणसे मारली जातात, या धक्क्याने शहर हादरले होते. आणीबाणीचे दिवस होते, सायंकाळी लवकर दारे लावली जात आणि रस्ते ओस पडत. ज्या घटनेने सर्वाधिक भय निर्माण केले तिचेच नाव सर्व घटनांना मिळाले. परंतु नाव एकदा पडले की ते पुढच्या पिढीला शिकवू लागते. या नावाने मराठी मध्यमवर्गाला एवढेच शिकवले की धोका बाहेरून येतो आणि दाराची कडी वाजवतो. तो आपल्या मुलाच्या बाकावर, त्याच्याबरोबर चहा घेत बसलेला असू शकतो, हा पाठ प्रकाश हेगडेच्या नावाबरोबरच विस्मरणात गेला.

या प्रकरणाला दुसरेही एक नाव आहे, आणि ते बोलण्यात अधिक वापरले जाते: ‘जक्कल प्रकरण’. येथे तर दहाही बळी नाहीसे झाले आणि मारणारा तेवढा राहिला. ज्या घरांत मृतांपैकी एकाचेही पूर्ण नाव सांगता येत नाही त्या घरांतही जक्कल हे आडनाव ठाऊक असते. आपल्या भाषेत मारणाऱ्याला विशेषनाम मिळते आणि मेलेल्याला संख्या.

कलाकृतींनी ही विषमता दूर केली काय? मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन या संदर्भात प्रथम विचारात घ्यावे लागते. शीर्षकातच होकार आहे, आणि तो होकार नि:संदिग्ध आहे. परिस्थिती, संगत, वय यांच्या आड न लपता ‘मी अपराधी आहे’ असे म्हणणे सोपे नव्हे. या धीटपणाचे श्रेय त्या पुस्तकाला दिलेच पाहिजे. परंतु मराठी पुस्तकाने हा होकार इंग्रजीत, म्हणजे न्यायालयात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत दिला आहे, हेही लक्षात घ्यावे. तो न्यायाधीशाला दिलेल्या उत्तरासारखा वाटतो. आपल्याला पापनिवेदनाची सवय आहे. पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही प्रायश्चित्त संस्कारात अपराध्याने करावयाची तीन कृत्ये होत. निवेदन हे त्यांतले एक; ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे तोंड वळवल्याखेरीज उरलेली दोन पुरी होत नाहीत. आत्मकथन या वाङ्मयप्रकाराची मूळची अडचण येथेच आहे. त्याच्या केंद्रस्थानी सांगणारा ‘मी’ असतो. मृत माणसे त्या ‘मी’ला जशी आणि जेवढी दिसली तशीच आणि तेवढीच पुस्तकात येणार. त्यांना आपली बाजू, आपली आवड, आपले अर्धवट राहिलेले शिक्षण सांगण्यास जागा नसते. वाचक शेवटी ज्याच्यासाठी हळहळतो तो बहुधा लेखक असतो. हा लेखकाचा दोष कमी आणि प्रकाराचा अधिक. म्हणूनच असे पुस्तक वाचणाऱ्याने त्याच्या शेजारी मृतांची यादी ठेवून वाचावे.

१९८६ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. नाना पाटेकर यांनी टोळीच्या म्होरक्याची भूमिका केली आणि ती इतक्या ताकदीने केली की पुढे अनेकांच्या मनात त्या क्रौर्याला नानांचाच चेहरा चिकटला. अभिनयाचा हा विजय आहे; मृतांच्या दृष्टीने मात्र तो आणखी एक पराभव. पडद्यावर खुनी जितका जिवंत होतो तितके बळी प्रसंगापुरते उरतात. याच प्रकरणावर सैलपणे बेतलेला, सेन्सॉरच्या अडथळ्यांमुळे वर्षानुवर्षे अडकून राहिलेला अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ हा हिंदी चित्रपटही गुन्हा करणाऱ्या तरुणांच्याच टोळीत रमतो. दोन पिढ्यांतले, दोन भाषांतले दिग्दर्शक, पण कॅमेरा ठेवण्याची जागा एकच.

मराठी चित्रपटाचे शीर्षक मात्र विचार करायला लावते. टोळीतल्या एका साथीदाराने माफीचा साक्षीदार होऊन न्यायालयाला हकिगत सांगितली, आणि खटला उभा राहिला. कायद्यातली ही माफी म्हणजे एक व्यवहार आहे: खरे सांग आणि शिक्षेतून सूट घे. त्यासाठी पश्चात्ताप झाला पाहिजे अशी अट नाही, आणि ही माफी देणाऱ्याचे स्वतःचे काहीच हरवलेले नसते. न्यायासाठी हा व्यवहार कधी कधी अपरिहार्य असतो. परंतु त्याला ‘माफी’ म्हणताना आपण त्या शब्दाचा मोठा अर्थ खर्ची घालतो. सकूबाईंच्या मुलाबाळांना कोणी माफी मागितली काय, हा प्रश्न त्या शब्दात कुठेच उरत नाही.

हे सारे जुन्या पुण्याचे झाले. त्याचा आपल्या पट्ट्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पाठोपाठ मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, आणि नगर-श्रीरामपूरपासून गोवा-केरळपर्यंतची ख्रिस्ती कुटुंबे येथील धर्मग्रामांत स्थिरावली. आज त्यांची नातवंडे आकुर्डी, निगडी, रावेत, तळेगाव येथील महाविद्यालयांत शिकतात आणि तेथून हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांत जातात. महाविद्यालयाचे आवार आणि कंपनीचे आवार या दोहोंना ती ‘कॅम्पस’ हाच शब्द वापरतात, आणि दोहोंकडून पालकांना एकच आश्वासन हवे असते: फाटक, पहारेकरी, कॅमेरे.

या आश्वासनाचे काय झाले? २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीला गहुंजे येथे मारण्यात आले. दोषी ठरलेल्या दोघांपैकी एक जण तिला कामावर पोहोचवण्यासाठी नेमलेल्या गाडीचा चालक होता. २००९ साली कामावरून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता स्त्रीला लिफ्टच्या बहाण्याने पळवून खेड तालुक्यात नेऊन मारण्यात आले. मे २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली आणि चौथा माफीचा साक्षीदार म्हणून सुटला. चाळीस वर्षांनी तोच शब्द पुन्हा छापून आला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले, चाकणही त्यात आले. हे आवश्यकच होते. परंतु मार्च २०२४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीचे अपहरण करून खून झाला आणि तिच्या घरी खंडणी मागितली गेली, तेव्हा पोलिसांनी पकडलेल्या तिघांत तिचा महाविद्यालयातलाच मित्र असल्याचे समोर आले. न्यायालयाचा निर्णय काय लागायचा तो लागेल. पण पोलिसांनी सांगितलेली ही हकिगत वाचताना ज्याला प्रकाश हेगडे आठवला असेल असा वाचक किती जणांना भेटला? आठवला नाही, कारण ज्या नावाने आपण ती घटना लक्षात ठेवली त्यात तो नव्हताच.

वृत्तपत्रांच्या भाषेत अशी आणखीही नावे आहेत. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले. २०२० साली हिंगणघाटला महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले. अशा घटनांवर ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्दप्रयोग छापण्याची आपल्याकडे सवयच होऊन गेली आहे. ज्या कृत्यात पेट्रोल आधीच आणून ठेवलेले असते त्याला प्रेमाची कोणती बाजू? या शब्दाने मारणाऱ्याला निराश प्रियकराची भूमिका मिळते आणि मुलगी होकार न देणारी म्हणून कथेत येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असल्याचे वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. तरीही आपली मुलगी महाविद्यालयात निघाली की आपण तिला अनोळखी माणसापासून सावध राहण्यास सांगतो.

आपल्या ख्रिस्ती वाङ्मयालाही या परीक्षणातून सूट देता येणार नाही. संत मारिया गोरेटीची कथा आपल्या प्रवचनांत आणि पुस्तिकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १९०२ साली अकरा वर्षांच्या या मुलीला अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या वीस वर्षांच्या तरुणाने भोसकले. १९५० साली ती संतपदाला पोहोचली. ही कथा सांगताना आपण मुलींना शुद्धतेचा धडा देतो. अलेस्सांद्रो तिच्याच घरात राहणाऱ्या शेजारी कुटुंबातला मुलगा होता, ही गोष्ट ओझरती येते आणि मुलग्यांसाठी त्यातून कोणताच धडा काढला जात नाही. असे असले तरी याच कथेत आपल्या परंपरेचे बळही आहे. शिक्षा भोगून सुटल्यावर तो मारियाच्या आईसमोर गेला आणि त्याने क्षमा मागितली. ज्याची मुलगी गेली त्याच्याच दारात जाऊन उभे राहणे, हा कायद्यातल्या माफीत नसलेला भाग तेथे आहे.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेल एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो काइन, प्रश्न टाळतो तोही काइनच. परंतु तो संवाद जेथून सुरू होतो तो देवाचा प्रश्न हाबेलाविषयीचा आहे: भाऊ कुठे गेला? हत्येच्या कथेत पहिली विचारपूस मृताची व्हावी, हा दंडक बायबलने पहिल्याच खुनाच्या वेळी घालून दिला. येस, आय अ‍ॅम गिल्टी, माफीचा साक्षीदार आणि आपली वृत्तपत्रे, या सर्वांना हीच कसोटी लावली तर त्यांच्या गुणांसह त्यांची उणीवही दिसते: त्यांनी काइनाला पुष्कळ प्रश्न विचारले.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांच्या नावांची यादी वेदीजवळ ठेवतो आणि पवित्र मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्याच महिन्यात फाशी गेलेल्या चौघांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्यास आपल्या श्रद्धेची आडकाठी नाही. पण त्या यादीत प्रकाश हेगडे, अनिल गोखले आणि सकूबाई वाघ ही नावेही असावीत. खटल्याने गाळलेली नावे जपणे ज्या समाजाला साधते त्याच्या मुलांना मैत्रीचे मोल आणि तिचा धोका दोन्ही सांगता येतात. पालकांनी मुलीला उशीर का झाला हे अवश्य विचारावे. आणि त्याच संध्याकाळी मुलालाही जवळ बसवून विचारावे, आज कोणाबरोबर होतास, आणि तुझ्याबरोबर जो होता तो सुखरूप घरी पोहोचला ना?