18 ग्रॅमचा आकडा आणि त्यामागचं गणित

बीडीओ म्हटलं की आपल्याला गटविकास अधिकारी आठवतात. इथला बीडीओ म्हणजे 1,4-ब्युटेनडायॉल. स्पॅन्डेक्सचे ताणले जाणारे धागे आणि काही प्लास्टिकं यापासून बनतात, आणि तो स्वतः मुख्यतः खनिज इंधनांपासून येतो. 2011 मध्ये जिनोमॅटिका कंपनीच्या संशोधकांनी 'नेचर केमिकल बायॉलॉजी'मध्ये दाखवलं, की जनुकं बदललेला ई. कोलाय साखरेपासून तो थेट बनवू शकतो, लिटरमागे 18 ग्रॅम.

सेमिनारमध्ये बहुतेक जण हाच आकडा सांगतात. माझ्या मते तो या पेपरचा सर्वांत कमकुवत भाग आहे. बीडीओ सुमारे 230 अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे ऊर्ध्वपातन करायचं तर पाणी आधी उडवावं लागणार. 18 ग्रॅमसाठी जवळपास लिटरभर पाणी! एवढ्यावर कारखाना चालणं कठीण.

पेपरची खरी ताकद इलेक्ट्रॉनच्या हिशोबात आहे. बीडीओ बनवायला पेशीला भरपूर इलेक्ट्रॉन लागतात. ऑक्सिजन मुबलक दिला तर ते श्वसनातच खर्च होतात. कमी दिला तर ई. कोलाय इथेनॉल, लॅक्टेट, सक्सिनेट बनवून ते खपवतो. संशोधकांनी या पळवाटांची जनुकं काढून टाकली, आणि ऑक्सिजन कमी असताना मंदावणारं क्रेब्ज चक्र चालू ठेवलं. मग इलेक्ट्रॉन खपवायची सोयीची वाट उरली ती बीडीओचीच. जीवाणूची गरज आणि आपली गरज एक झाली.

'नूतनीकरणक्षम' हा शब्द मात्र जपून वाचा. ग्लुकोजच्या एका रेणूतून 24 इलेक्ट्रॉन मिळतात, बीडीओच्या एका रेणूला 22 लागतात. त्यामुळे 180 ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर 98 ग्रॅम बीडीओ निघेल. बाकीचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. जीवाणू कितीही सुधारा, ही मर्यादा हलत नाही. आणि ती साखर शेतातून येते. तिथलं खत, पाणी, डिझेल हिशोबात धरल्याशिवाय 'हरित' म्हणता येत नाही.

पुढे जीवाणूत बऱ्याच सुधारणा झाल्या आणि 2016 मध्ये इटलीत नोव्हामोंटने याच तंत्रावर वर्षाला 30,000 टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. वाढला तो आकडा. इलेक्ट्रॉनचा विचार पायाशी होताच.

तेव्हा पीएचडीसाठी रेणू निवडताना आधी कागदावर हा इलेक्ट्रॉनचा हिशोब करा आणि तो पाण्यातून वेगळा कसा काढणार ते ठरवा. तासाभराचं काम आहे, पण चार वर्षं वाचू शकतात.