बडोद्याच्या भिंती: कीर्तिमंदिर आणि तांबेकर वाडा

बडोद्यातल्या भित्तिचित्रांचा विषय निघाला की गाडी थेट कीर्तिमंदिरावर येते. तिथे नंदलाल बोस यांनी १९३९ पासून टप्प्याटप्प्याने चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. स्मारक गायकवाड घराण्याचं, पण चार विषयांत त्यांची एकही लढाई नाही. मला यात औचित्यच दिसतं. भगीरथाने गंगा आणली ती पूर्वजांच्या उद्धारासाठी. पूर्वजांच्या स्मारकाला याहून चपखल विषय कोणता?

पण आपल्या भित्तिचित्रांचा आरंभ तिथे धरणं मला पटत नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातच कृष्णलीलेच्या जोडीला इंग्रज-मराठा युद्ध आणि युरोपीय बायकाही भिंतींवर आल्या. रेषेचा ताल, रचनेची शिस्त यांत कीर्तिमंदिर सरस, मान्य. मात्र नंदबाबूंची भिंत पुराण आणि संतचरित्रातून बोलते. वाड्याची भिंत आपल्या काळाबद्दलही बोलते.

मी मूळचा इंजिनिअर, त्यामुळे मला आधी भिंत दिसते, मग चित्र. कॅनव्हास उचलून दुसरीकडे नेता येतो. इथे भिंतीत ओल शिरली की चित्रही गेलंच. म्हणून कीर्तिमंदिर पाहिलंत की रावपुराही कराच.