विकार आणि नाहक : ‘हॅम्लेट’मधील सूड व त्याची प्रतीके

प्रास्ताविक

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ इ. स. १६०० च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०३ मध्ये प्रथम छापले गेले. सूडनाट्य हा प्रकार तोपर्यंत लंडनच्या रंगभूमीवर रूढ झाला होता. टॉमस किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’त भूत, वेड, नाटकातील नाटक आणि अखेरचा संहार हे सारे आधीच आलेले आहे. मग ‘हॅम्लेट’चे वेगळेपण कशात? आपल्या वर्गांतून याचे उत्तर बहुधा ‘नायकाची दिरंगाई’ असे एका शब्दात दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. मराठी आणि उर्दू रूपांतरकारांनी या नाटकाला जी शीर्षके दिली, त्यांत अधिक चांगले उत्तर दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

दोन शीर्षके

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेन, म्हणजेच हॅम्लेट, गाजवला. उर्दूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेहदी हसन ‘अहसन’ लखनवी यांनी पारशी रंगभूमीसाठी ‘खून-ए-नाहक’ लिहिले. सोहराब मोदींचा ‘खून का खून’ हा १९३५ चा चित्रपट त्याच परंपरेतला.

यांपैकी एकाही नाटककाराने शीर्षकात ‘सूड’ किंवा ‘इंतिकाम’ हा शब्द घातला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आगरकरांची दृष्टी मनोविकारांच्या खेळावर आहे, तर अहसन यांची हक्काविना सांडलेल्या रक्तावर. एक शीर्षक मानसशास्त्राचा प्रश्न विचारते, दुसरे न्यायाचा.

कान आणि विष

‘विकार’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत : मनातील प्रक्षोभ आणि शरीरातील रोग. नाटकाचे मध्यवर्ती प्रतीक या दोन्ही अर्थांवर उभे आहे. बागेत झोपलेल्या राजाच्या कानात त्याचा भाऊ विष ओततो आणि राजा सर्पदंशाने मेला अशी वार्ता पसरवली जाते. म्हणजे राजाच्या कानात विष जाते आणि प्रजेच्या कानात खोटी बातमी. पुढे भूत मुलाच्या कानात खुनाची हकिकत घालते. पोलोनियस पडद्याआड कान लावून उभा राहतो आणि तिथेच मरतो. क्लॉडियस लेअर्टीसचे कान भरतो, आणि अखेर तेच विष तलवारीच्या टोकावर व प्याल्यात येते. ‘कान भरणे’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार येथे अक्षरशः नाट्यवस्तू झाला आहे.

या दृष्टीने पाहिल्यास हॅम्लेटची दिरंगाई हा केवळ दुबळेपणा राहत नाही. कानावर आलेले खरे कशावरून, हा त्याचा प्रश्न आहे. भूत सैतानाचे रूप असू शकते, म्हणून तो नाटकातील नाटक रचून पुरावा शोधतो. आगरकरांना हा प्रश्न परका नव्हता. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या आरोपांवरून झालेल्या बर्वे प्रकरणात ज्या पत्रांवर विसंबून लिहिले गेले ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु ऐकीव पुराव्याची किंमत या भाषांतरकाराला ठाऊक होती, एवढे निश्चित म्हणता येईल.

नाहक

‘नाहक’ हा शब्द मराठीत आला तो ‘विनाकारण’ या सौम्य अर्थाने स्थिरावला. उर्दूत ‘हक’शी त्याचे नाते अजून जिवंत आहे. कुरआनच्या सूरा बनी इसराईलमध्ये (१७:३३) हक्काशिवाय जीव घेण्यास मनाई आहे. अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला अधिकार दिला आहे, पण त्याने मर्यादा ओलांडू नये, असेही बजावले आहे. किसास आणि इंतिकाम यांतील अंतर हेच.

आता प्रार्थनेचा प्रसंग पाहावा. क्लॉडियस गुडघे टेकून बसला आहे, पुरावाही हाती आला आहे. तरीही हॅम्लेट तलवार आवरतो. कारण दया नव्हे. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, त्याला पापात असताना गाठून नरकात धाडावे, असा त्याचा हिशेब आहे. वारसाचा अधिकार येथे परलोकापर्यंत हात पोहोचवू पाहतो. नेमके येथेच न्यायाचे रूपांतर सुडात होते. पुढल्याच प्रवेशात पोलोनियस मारला जातो. त्यानंतर ऑफेलिया, रोझेनक्रँट्झ, गिल्डेनस्टर्न, गर्ट्रूड, लेअर्टीस असे मृत्यू होत जातात आणि राजा व हॅम्लेट धरून आठ जीव जातात. एका नाहक खुनापायी इतके बळी गेले आणि त्यांतील बहुतेक मराठी अर्थानेही नाहकच.

कबर आणि कवटी

विदूषक यॉरिकची कवटी हे मृत्यूचे प्रतीक म्हणून शिकवले जाते. ती आठवणीचेही प्रतीक आहे. भुताची आठवण रक्त मागते, तर यॉरिकची आठवण लहानपणीचे खांद्यावरचे खेळणे परत आणते. मृतांशी नाते राखण्याचा दुसरा मार्ग आहे, हे नाटक येथे हळूच सुचवते. फोर्टिनब्रासचा बापही मारला गेला होता. त्याने काकाच्या सांगण्यावरून सूड सोडला आणि शेवटी सिंहासन त्यालाच मिळाले. विशाल भारद्वाज यांच्या ‘हैदर’ (२०१४) या चित्रपटात हीच सूचना उघड होते. तेथे नायक काकाला जिवंत सोडून निघून जातो.

निष्कर्ष

सुडाला मर्दुमकी समजणारे चित्रपट पाहत वाढलेले विद्यार्थी आपल्यापुढे बसतात. अफवा कानावर पडताच हात उचलणारा जमाव त्यांनी बातम्यांत पाहिलेला असतो. भोपाळसारख्या शहरात, जिथे उर्दू आणि मराठी एकाच महाविद्यालयात शिकवता येतात, तिथे ‘हॅम्लेट’ या दोन शीर्षकांतून शिकवावे. ‘विकार’ हा शब्द विद्यार्थ्याला स्वतःच्या मनाकडे पाहायला लावेल आणि ‘नाहक’ हा शब्द दुसऱ्याच्या रक्ताकडे. ऐकले ते खरे का, आणि खरे असले तरी माझा हक्क कुठवर, हे दोन प्रश्न घेऊन विद्यार्थी वर्गाबाहेर पडला, तर या नाटकाचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.