छेदात कोण आहे?

निवडणूक आटोपून मतदानाचे टक्के जाहीर झाले, की वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत एक मागणी हमखास उगवते : मतदान सक्तीचे करा. गुजरात विधानसभेने २००९ साली स्थानिक स्वराज्य संस्थांपुरते तसे विधेयक मंजूरही केले होते. २०१४ मध्ये त्याला राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. सक्ती असावी की नसावी, हा येथे आमचा विषय नाही. आम्हांला तपासायचे आहेत ते त्यासाठी केले जाणारे युक्तिवाद.

नेहमीचा युक्तिवाद असा : २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ६७ टक्के मतदान झाले, म्हणजे ३३ टक्के लोक बेफिकीर आहेत, त्यांना दंडाशिवाय जाग येणार नाही. यातला ‘म्हणजे’ फार घाईचा आहे. ६७ टक्के कशाचे? आपल्याकडे हे प्रमाण मतदारयादीतील नावांशी काढतात, प्रौढ नागरिकांच्या संख्येशी नव्हे.

एका गावच्या यादीत १००० नावे आहेत आणि ६०० जणांनी मत दिले असे समजू. मतदान ६० टक्के. त्यातली १०० नावे मृतांची किंवा कायमचे गाव सोडून गेलेल्यांची निघाली आणि ती वगळली, तर तेच मतदान जवळजवळ ६७ टक्के होते. केंद्रावर एकही नवा माणूस आलेला नाही. फक्त छेद बदलला. उलट, नाव नोंदवायचे राहून गेलेले ३०० प्रौढ गावात असतील, तर मोजणी १२०० जणांवर करावी लागते आणि मतदान ५० टक्क्यांवर येते. हे गणित फळ्यावर झाल्यावर मुलांना विचारावे, यातले बेफिकीर किती? दिलेल्या आकड्यांवरून ते काढताच येत नाही, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागतो. (मोठ्यांना अधिक लागतो.)

शिवाय यादीत नाव असूनही न आलेले सगळे घरीच बसलेले असतात काय? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेले जोडपे मतदानाच्या दिवशी दूरच्या फडात असेल, तर दंडाने त्यांचे गाव जवळ येत नाही.

विरोधकांचे तर्कही तपासून घ्यावेत. ‘सक्ती हा स्वातंत्र्यावर घाला आहे, म्हणून तिचा उपयोग होणार नाही,’ असे ते म्हणतात. पहिला भाग मूल्याचा आहे, दुसरा अनुभवाचा. एकातून दुसरा निघत नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ साली ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले होते. १९२४ मध्ये सक्ती आली आणि १९२५ साली ते ९१ टक्क्यांवर गेले. सक्तीने आकडा वाढतो, हे येथे मान्य करायला हवे. मात्र समर्थक तेथे थांबत नाहीत. ‘आकडा वाढला, म्हणजे लोकशाही सुधारली’ अशी ते पुढची उडी मारतात, आणि तिचा पुरावा या आकड्यात नाही. ‘सक्तीवाचून इतके मतदान होणारच नाही’ म्हणणाऱ्यांनी स्वीडनकडे पाहावे : तेथे सक्ती नाही, तरी २०२२ साली ८४ टक्के मतदान झाले.

आणखी एक. ऑस्ट्रेलियाने यादीत नाव नोंदवणे १९११ च्या कायद्याने सक्तीचे केले, मतदानाच्या सक्तीआधी तेरा वर्षे. आपल्याकडे नोंदणी ऐच्छिक आहे. दोन्ही देशांचे टक्के शेजारी छापणाऱ्या तक्त्यांखाली ही टीप आम्हांला क्वचितच आढळली.